गारगोटीची धूळ

करीमभाई,

तुम्हाला माती देऊन आज नऊ दिवस झाले. पुरुष माणसं कबरस्तानात गेली तेव्हा मी चितेगावला तुमच्या घरात, आतल्या खोलीत भाभींच्या शेजारी बसले होते. भाभी माझा हात धरून येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होत्या, "ये कालेज की बाई. इनके साथ पच्चीस साल काम किये. बहोत इज्जत करते थे बाई की." दर वेळी त्या 'इज्जत' म्हणायच्या आणि मला वाटायचं, ही जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. जमिनीचा अभ्यास करण्यात माझा जन्म गेलाय. ती अशी कुणाच्या सोयीनं दुभंगत नाही.

कॉलेजच्या अंकवाल्यांना तुमच्यावर चार ओळी हव्या होत्या. नोकरीची वर्षं, स्वभाव मनमिळाऊ, मागे पत्नी आणि मुलगा, असं सगळं त्यांना वेगळ्या कागदावर लिहून दिलं. जन्मतारखेपाशी अडले. तुम्ही फक्त 'पोलीस ॲक्शनच्या सालचा', म्हणजे निजामाचं राज्य गेलं त्या सालचा, एवढंच सांगायचात. तुमच्या अम्मीला त्या वर्षी तारीख लिहून ठेवायला कुठली उसंत! सर्व्हिस बुकातली एक जूनच मग लिहून टाकली. हा कागद मात्र अंकासाठी नाही. तुम्ही असतात तरी तुम्हाला तो वाचता आला नसता म्हणा. "बाई, तुमच्या अक्षरापेक्षा डाक्टरची चिठ्ठी बरी," असं तुम्हीच म्हणायचात.

आमच्या भूगर्भशास्त्र विभागाच्या मागं ती पत्र्याची खोली. एका कोपऱ्यात दगड कापायचं चाक, दुसऱ्यात दगड चिरडून पूड करायचं यंत्र. दोन पोलादी पट्ट्या समोरासमोर, मधे दगड टाकायचा. सगळे त्याला जबडाच म्हणत. तुम्ही त्या खोलीचे परिचर, पण आम्हा विद्यार्थ्यांना त्या खोलीत शिरताना प्राचार्यांच्या केबिनपेक्षा जास्त धाक वाटायचा. मी संशोधनाला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी घाईघाईत तीन पिशव्या घेऊन आले आणि म्हणाले, "करीमभाई, एकामागून एक टाका, मला बारापर्यंत हव्यात." तुम्ही स्टुलाकडे बोट दाखवलंत. "बसा. एक दगड झाला की मशीनचा वजू. वजूबिगर दुसरा दगड आत नाय."

वजू म्हणजे नमाजाआधी हातपाय, तोंड धुवायचं, ते. जबड्याचा वजू पाण्यानं होत नसे, गारगोटीनं होत असे. एका दगडाची पूड काढली की जबड्यात मूठभर शुभ्र गारगोटी टाकायची, ती दळायची, फेकून द्यायची. मग ब्रश, मग स्पिरिटचा बोळा. गारगोटी म्हणजे निव्वळ सिलिका. ती आधीच्या दगडाचा कण न कण पुसून घेते आणि मागं राहिलीच तर आमच्या मोजमापात तिचा उपद्रव नसतो. नाहीतर एका दगडाची पूड दुसऱ्यात मिसळते आणि वर्षभराची मेहनत मातीमोल होते. हे मला पुस्तकातून कळायच्या आधी तुमच्याकडून कळलं. गारगोटी कॉलेज विकत घेत नसे. रविवारी तुम्ही सायकल घेऊन पैठण रोडच्या शेतांत हिंडायचात, नव्या विहिरींच्या उपशातून वेचायचात. पिवळसर तुकडा दिसला की फेकून द्यायचात. "ह्याच्यात लोखंड हाय," म्हणायचात, आणि असायचंही.

आपलं गाव काळ्या दगडाचं. देवगिरीचा डोंगर घ्या, वेरूळची लेणी घ्या, नाहीतर रस्त्यावरची खडी घ्या, सगळा बेसाल्ट. जमिनीतून शिलारस उसळला, पसरला आणि झटपट गोठला. ग्रॅनाइटचं तसं नाही. तो शिलारस वर येताना डोंगराच्या पोटातच अडतो आणि खोल अंधारात लाखो वर्षं हळूहळू निवतो. म्हणून त्याचे दाणे मोठे असतात, नुसत्या डोळ्यांनी मोजता येण्याजोगे. पुढं डोंगर उंचावतात, वरचं सगळं झिजून जातं, आणि तो उघडा पडतो. मी तुम्हाला हे समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मंजे बाई, तुमी आपल्या इकडच्याच दगडाच्या. भडकन वर, भडकन थंड." मी चिडले. भडकन. तुम्ही हसत बसलात.

मला ग्रॅनाइटच हवा होता. सगळी मराठवाड्याची पोरं अजिंठ्याच्या नाहीतर वेरूळच्या डोंगरावर काम करायची, आणि मी हट्टानं लडाखला गेले. दोन उन्हाळे. गोण्या भरून दगड रेल्वेनं मनमाडला आणले, तिथून ट्रकनं. ट्रक आला त्या दिवशी तुम्ही एक एक दगड हातात घेऊन बघत होतात, बाजारात बाया कांदे बघतात तसे. "इतका गोरा दगड मी कधी कापला नाय," म्हणालात. पांढरा, गुलाबी, त्यात अभ्रकाची काळी टिकली. तुमच्या चाकाखाली तो कापला जाताना येणारा आवाजही वेगळा होता, जरा किरटा.

माझा विषय एका ओळीत सांगायचा तर असा होता: तो आख्खा डोंगर एकाच शिलारसातून घडला की मधे आणखी कुणी येऊन मिसळलं? माझं मत, म्हणजे सरांचं मत, एकाच. सर माझे मार्गदर्शक होते आणि ग्रॅनाइटवर त्यांचा शब्द शेवटचा.

तुमचं मत वेगळं होतं. तुम्ही मॅट्रिकला बसलेलेसुद्धा नव्हतात, म्हणून मी त्याला मत म्हणाले नाही, गंमत म्हणाले. पश्चिमेच्या धारेवरचे सात दगड तुम्ही कापलेत आणि त्यातली एक फरशी पाण्यानं धुऊन माझ्यासमोर धरलीत. पांढऱ्या ग्रॅनाइटमध्ये सुपारीएवढे काळे ठिपके होते. मी म्हणाले, "जुन्या खडकाचे तुकडे असणार. ग्रॅनाइट वर चढताना भिंतीचे तुकडे पडतात त्यात, ते तसेच राहतात."

"नाय बाई. तुकडा असता तर काठ तुटका दिसला असता. हे गोल हाय. आन हे बघा." तुम्ही नख ठेवलंत. ग्रॅनाइटचा एक मोठा पांढरा दाणा, अर्धा ग्रॅनाइटात, अर्धा त्या काळ्या ठिपक्यात. "काळा आधीच कडक असता तर ह्यो दाणा आत कसा शिरला? भाजलेल्या भाकरीत शेंगदाणा दाबून बघा बरं. कणीक ओली पायजे. हे दोघं पातळ असतानाच भेटलेत."

मी फरशी तुमच्या हातून घेतली आणि पिशवीत टाकली. "करीमभाई, तुम्ही कापा. विचार करायला आम्ही आहोत." हसतच म्हणाले होते. तुम्हीही हसलात. हे वाक्य मी नंतर आयुष्यभर कुणालाही म्हणाले नाही, पण तुम्हाला म्हणाले ते म्हणालेच.

पुड्या परगावच्या प्रयोगशाळेत गेल्या. पाच महिन्यांनी आकडे आले. बाकी सगळे दगड शहाण्यासारखे वागले होते, पण त्या सात नमुन्यांत क्रोमियम आणि निकेल भलतंच वर. ही दोन्ही काळ्या दगडाची लक्षणं. ग्रॅनाइटमध्ये ती इतकी असायचं कारण नाही. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "भेसळ आहे. आधी कुणाचा बेसाल्ट दळला होता का?" दळला होता. माझ्याच वर्गातल्या एकाचा, दौलताबादचा. झालं. काळ्या दगडाची पूड जबड्यात राहिली, माझ्या गोऱ्या दगडात मिसळली, करीमभाईंनी जबडा धुतला नाही. इतकं सरळ होतं ते, की मला दुसरं काही दिसलंच नाही.

मी तरातरा त्या खोलीत आले. मागं दोन-तीन विद्यार्थी होते. उचलली जीभ लावली टाळ्याला. "वजू वजू म्हणून दुनियेला शहाणपण शिकवता आणि काम हे असं?"

तुम्ही चाक बंद केलंत. "मी धुतली होती मशीन."

"मग हे आकडे कुठून आले?"

"दगडातून आले असतील. तुमाला दाखवलं होतं मी." मग म्हणालात, "बाई, मशीनवर काय बोलायचं ते बोला. वजूवर नका बोलू."

तरी मी बोलले. काय बोलले ते तुम्हालाही आठवत होतं आणि मलाही, इथं लिहीत नाही.

तुम्ही मग अगदी शांतपणे एक सुचवलंत. "थोडा थोडा दगड शिल्लक हाय. तुमी समोर उभ्या राहा. तुमच्या डोळ्यांपुढं धुतो, तुमच्या डोळ्यांपुढं दळतो. परत पाठवा." एवढं केलं असतं तर पाच महिन्यांत दूध का दूध, पानी का पानी. पण प्रबंध सादर करायची मुदत तीन महिन्यांवर होती आणि सरांनी ते सात नमुने वगळायचं ठरवूनही टाकलं होतं. वगळायला कारण लागतं. परीक्षकांनी विचारलं तर दाखवायला कागद हवा. तो कागद मी लिहिला, माझ्या अक्षरात: 'यंत्र साफ न करता नमुने दळले. माझ्या हातून चूक झाली. पुन्हा होणार नाही.' खाली तुमची उर्दूतली सही. सही करताना तुम्ही विचारलंत, "वाचून दाखवता का बाई? तुमचं अक्षर लागत नाय." मी वाचून दाखवला. सगळा. त्या वर्षी तुमची पगारवाढ अडली आणि चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. आमच्याकडं तर चोरही नव्हता.

त्याच दिवशी सरांच्या नावानं मी आणखी एक हुकूम सोडला होता. खोलीची एकुलती एक खिडकी रस्त्याच्या बाजूला होती, तिच्यातून खडीची काळी धूळ येते, ती बंद करा. सुताराला बोलावून तिला खिळे मारले. ही गोष्ट मी पुढं विसरून गेले. खिडकीचं कोण लक्षात ठेवतं?

तुम्ही माझ्यावर रुसाल, बोलणं टाकाल असं मला वाटलं होतं. टाकलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त एका वजूचे तीन वजू केलेत. प्रत्येक दगडानंतर तीन मुठी गारगोटी, बंद खोलीत, तोंडावर रुमाल बांधून. सायकलच्या मागं एकाऐवजी दोन पोती यायला लागली. मी डॉक्टर झाले, तिथंच शिकवायला लागले, पुढं विभागप्रमुख झाले. पोरं तक्रार करायची, करीममामू फार वेळ लावतात. मी म्हणायचे, "लावू द्या. त्यांना एकदा शिकवलंय मी." असं म्हणायचे मी, करीमभाई. तुम्ही पलीकडे असताना.

आणि तरी तुम्हीच मला दगड बघायला शिकवलंत. वर्गात मी जे शिकवायचे ते पुस्तकातलं असायचं, पण दगड उजेडात कसा तिरपा धरायचा, ओला करून कसा बघायचा, कापायच्या आधी नखानं त्याला कसं विचारायचं, हे सगळं तुमचं. ईदला तुमच्या डब्यातली शेवई न चुकता माझ्या टेबलावर यायची. माझी आई गेली तेव्हा तुम्ही चितेगावहून सायकलवर आलात, दारात बसून राहिलात आणि सायकलवरच परत गेलात. तुमच्या मनात माझ्याबद्दल अढी नव्हती, हे मला नक्की ठाऊक आहे. त्यानं काही हलकं होत नाही, उलट होतं.

मग ते झालं. माझ्या प्रबंधाला बारा-तेरा वर्षं झाली असतील. त्याच डोंगरावर, त्याच पश्चिम धारेवर दुसऱ्या लोकांनी काम केलं आणि त्यांचा लेख माझ्या टेबलावर आला. ग्रॅनाइटचा शिलारस अजून पातळ असतानाच खालून काळा शिलारस त्यात शिरला होता, दोघं मिसळले होते. पुरावा म्हणून त्यांनी फोटो छापला होता. गोल काळे ठिपके, आणि एक पांढरा दाणा, अर्धा आत, अर्धा बाहेर. फोटोखाली तुमचंच म्हणणं होतं. भाकरी आणि शेंगदाण्याऐवजी मोठमोठे शब्द होते, एवढाच फरक.

मी कपाटातून तुमची ती फरशी काढली. दार लावून रडले.

सात दगडांपैकी एकाचा मुठीएवढा तुकडा शिल्लक होता. तो मी तुमच्याकडं आणला. काय, कशासाठी, काही सांगितलं नाही. तुम्ही तो पालथा केलात, ओला केलात. "ह्यो तर त्यातलाच," म्हणालात. माझ्याकडं बघितलंत आणि गारगोटीच्या पोत्यात हात घातलात. जबड्याचे तीन वजू माझ्यासमोर झाले. त्या दिवशी तुम्ही मुद्दाम हळू काम केलंत, प्रत्येक गोष्ट मला दिसेल अशी.

आकडे आले. तेच. क्रोमियम वर, निकेल वर. दगडच तसा होता.

दोन आठवड्यांनी तुम्ही दारात उभे राहून विचारलंत, "काय आलं बाई?" लिफाफा माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मी म्हणाले, "अजून नाही आलं." महिन्याभरानं तुम्ही परत विचारलंत. मी परत तेच सांगितलं. त्यानंतर तुम्ही कधीच विचारलं नाही.

का असं केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. विभागप्रमुख होते. माझा प्रबंध चुकीचा होता, हे एकट्यानं गिळता आलं असतं. पण तो कागद माझ्या अक्षरातला होता. तुम्हाला 'आलं' म्हटलं की तो कागद आला, ती वाढ आली, त्या विद्यार्थ्यांसमोर बोललेले शब्द आले. मी म्हणाले, नंतर सांगू, नीट सांगू. तुमच्या निरोप समारंभात सांगू. समारंभ झाला. शाल दिली, श्रीफळ दिलं, भाषण केलं. 'प्रामाणिक' हा शब्द मी तीनदा वापरला. तुम्ही पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून, मान वर करून ऐकत होतात. आता वाटतं, तुम्ही वाट बघत होतात. शेवटी मी 'धन्यवाद' म्हणाले आणि तुमची मान खाली गेली.

दोन महिन्यांपूर्वी इरफान आला. वाळूजची पहिली पाळी संपवून कंपनीच्या कपड्यांतच, हातात एक्स-रेचा मोठा पिवळा लिफाफा. "बाई, अब्बांचा खोकला हटंना. टीबीची दवा झाली. आता डाक्टर म्हणतेत टीबी नाय. तुमच्या वळखीचं कोण हाय का?" माझ्या ओळखीच्या छातीच्या डॉक्टरांकडं आम्ही दोघं गेलो. त्यांनी फिल्म उजेडावर धरली. काळ्या फुप्फुसांत वरपर्यंत पांढरे ठिपके.

"खाणीत होते का?" डॉक्टरांनी विचारलं. "गारगोटी, वाळूचा दगड फोडायचं काम?"

"नाय साहेब. कालेजात होते."

"कॉलेजात?" त्यांना पटलं नाही. "ही सिलिकाची धूळ आहे. साधी धूळ अशी बसत नाही. वीस-पंचवीस वर्षं रोज छातीत गेल्याशिवाय असं होत नाही. बसलेली धूळ निघत नाही, त्यावर औषधही नाही. जपायचं, बस."

इरफानला कळलं नाही. मला कळलं. आपल्या काळ्या दगडात मोकळी सिलिका नसल्यातच जमा असते. तुम्ही जन्मभर दळलात तो बहुतेक बेसाल्टच. माझा ग्रॅनाइट किती, तर दोन उन्हाळ्यांचा. मग एवढी सिलिका आली कुठून? वजूतून. रोज, प्रत्येक दगडानंतर, आधी एक मूठ, मग तीन मुठी. जबडा न धुणाऱ्या माणसाला हा रोग झालाच नसता. ज्या गोष्टीचा पुरावा तुम्ही माझ्याकडं मागत होतात, जो लिफाफा मी ड्रॉवरमध्ये दाबून ठेवला, तोच पुरावा तुमच्या छातीत होता आणि डॉक्टर तो मला उजेडावर धरून दाखवत होते.

आता मात्र सांगायचंच, असं ठरवलं. वरातीमागून घोडं तर वरातीमागून. आधी कॉलेजात गेले. म्हटलं, तो माफीनामा फाइलीतून काढून घेऊ, तुमच्यासमोर फाडू. आस्थापनेतल्या क्लार्कनं फाइल काढली. कागद होता, माझं घाणेरडं अक्षर, तुमची सुबक सही. तो म्हणाला, "मॅडम, सर्व्हिस बंद झालेल्या माणसाचा कागद काढता येत नाही. आणि काढून उपयोग काय आता?" फार विनवलं तेव्हा त्यानं एक झेरॉक्स करून दिली. ती पर्समध्ये घातली. नाही मूळ कागद, तर झेरॉक्स फाडू.

रविवारी चितेगावला आले. तुम्ही खाटेवर, उशांना टेकून. शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं. समोरची खिडकी सताड उघडी होती. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, हवा खेळती ठेवा. पैठण रोडवरून ट्रक जात होते आणि पडदा हलत होता. मला बघून तुम्ही सावरून बसायला गेलात, धाप लागली. मी खुर्ची ओढली, पर्स मांडीवर घेतली, चेन उघडली. पहिलं वाक्य मी वाटेत दहादा म्हणून बघितलं होतं.

तेवढ्यात तुम्ही हात वर केलात. एका एका शब्दाला श्वास घेत म्हणालात, "इरफान... खिडकी लाव... बाईंना धूळ चालत नाय."

"अब्बा, डाक्टर बोले ना, खुली रखो."

"लाव रे."

इरफाननं माझ्याकडं बघितलं. मी नुसतं 'राहू दे' म्हणायचं होतं. दोन शब्द. पण त्या क्षणापर्यंत मला ती खिळे मारलेली खिडकी आठवलीच नव्हती, करीमभाई. कागदाची माफी मागायला आले होते मी. वाढीची, त्या लिफाफ्याची, बोललेल्या शब्दांची. खिडकी माझ्या हिशेबातच नव्हती. त्या बंद खोलीत उडालेली गारगोटी बाहेर जाणार कुठून होती? दगडाला बाहेरची धूळ लागू नये म्हणून मी आतली धूळ तुमच्यात कोंडली. आणि तुम्ही इतक्या वर्षांनी, श्वास पुरत नसताना, माझ्यासाठी ती परत लावायला सांगत होतात. आता एकाची माफी मागायची तर दुसरीची मागावी लागणार होती, आणि दुसरीला माफी असते का, हे मला माहीत नव्हतं.

इरफाननं खिडकी लावली. तुम्ही समाधानानं मान हलवलीत. भाभींनी चहा आणला. तुम्ही विचारलंत, पोरं कशी आहेत, आता दगड कोण कापतं? मी म्हणाले, आता यंत्र नवं आलंय, आपोआप धुतं. "बरं झालं," म्हणालात. मी पर्सची चेन लावली. चहा प्यायले, सगळा, आणि उठले. निघताना खिडकी उघडायलाही हात गेला नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी इरफानचा फोन आला.

झेरॉक्स अजून पर्समध्येच आहे. फाडू तरी कुणासमोर? अंकवाल्यांना दिलेल्या चार ओळींत मी परत 'प्रामाणिक' लिहिलंय, ते छापून येईल. तुमची फरशी माझ्या टेबलावर आहे, पाण्यानं ओली केली की पांढरा दाणा अजून दिसतो, अर्धा आत, अर्धा बाहेर.

तुम्ही दोनदा विचारलं होतंत, काय आलं बाई. आलं होतं, करीमभाई. दगडच तसा होता. मशीन धुतलेली होती.